किन्हवलीची दुसरी गाडी

१

समीक्षा गाडीतून पडली त्याला अजून महिनाही झाला नव्हता, आणि गाडी होती तशीच येत होती. तेच दार, दाराची तीच तुटकी कडी, आणि कडीच्या जागी बांधलेली सुतळी. सुतळी मात्र नवी होती. त्या नव्या सुतळीचा मला फार राग यायचा. कुणीतरी जुनी सोडून टाकून दिली असणार, दुकानातून नवी आणून नीट गाठ मारली असणार. एवढं सगळं करताना कडी बसवावी असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

गोष्ट दोन हजार तीन सालची. मी तेव्हा शहापूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होते. घर किन्हवलीच्या जरा पुढे. सकाळी कामाच्या वेळेला शहापूरला जाणारी गाडी एकच, आणि ती मागच्या गावांतूनच भरून यायची. नाक्यावर आम्ही सगळे तिची वाट बघत उभे असायचो. कॉलेजची पोरं, आसनगावहून लोकल पकडणारे, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं. गाडी दिसली की माणसं माणसांसारखी राहायची नाहीत. खिडकीतून रुमाल, दप्तरं, चपला आत पडायच्या. एकदा एका बाईने जागा धरायला तान्हं पोर खिडकीतून आत दिलं होतं, आणि आतल्या कुणीतरी ते न बघताच मांडीवर घेतलं होतं.

गाडीच्या मागच्या काचेवर 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असं लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. आम्हाला आत शिरायलाच मार्ग नव्हता.

समीक्षा आमच्या शेजारच्या मैनाकाकीची मुलगी. अकरावीत होती. त्या दिवशी ती आणि कॉलेजची आणखी काही पोरं पायरीवर उभी होती. मी आत, गर्दीच्या मध्ये. सापगावच्या अलीकडे रस्ता एकदम उजवीकडे वळतो. तिथे गाडीतली सगळी माणसं डावीकडे, दाराच्या अंगाला कलतात. आमच्या सगळ्यांच्या अंगाचा भार त्या दारावर गेला आणि सुतळी तुटली.

मला ती पडताना दिसली नाही. दाराकडून "अगं, अगं" असं कुणीतरी ओरडलं, एवढंच ऐकू आलं. कंडक्टर हरेश माझ्यापासून हातभर अंतरावर होता. त्याला बेलची दोरी ओढायची होती. दोरी डोक्यावरच होती, पण त्याचा हात दोन माणसांच्या मध्ये असा दाबला गेला होता की वर निघेना. तो ओरडत होता, "थांबवा, ओ थांबवा!" इंजिनाच्या घरघरीत आणि आमच्या गलक्यात ते ड्रायव्हरपर्यंत पोचलं नाही. गाडी तशीच पुढे गेली, पार पुलापर्यंत.

हात वर करायला जागा नव्हती म्हणून गाडी थांबली नाही. हे मी तेव्हापासून खूप जणांना सांगितलं. प्रत्येक जण हळहळतो आणि मग विचारतो, "पण ती पायरीवर कशाला उभी होती?"

२

गणपती होऊन गेले. भात पोटरीला आलं होतं आणि बांधावर तेरडा फुलला होता. सकाळी मी नेहमीसारखी आत घुसले आणि दाराजवळच्या दांड्याला धरून उभी राहिले. हरेश गाडीच्या मध्यावर अडकला होता. तिकिटांचा ट्रे त्याने एका हाताने डोक्यावर धरला होता, दुसऱ्या हाताने सीटची पाठ. मी त्याच्याकडे बघत होते, कारण मान दुसरीकडे वळवायला जागा नव्हती.

वळणाच्या तोंडाशी बेल वाजली. टिंग. एकच.

गाडीने रोज जाणाऱ्याला हे कळतं. दोन बेल म्हणजे चला, एक बेल म्हणजे थांबा. महादूमामांनी, म्हणजे आमच्या ड्रायव्हरांनी, ब्रेक मारला. तिथे थांबा कधीच नव्हता. गाडी उभी राहिली आणि सगळे एकमेकांवर आपटले.

"कोण उतरतंय?" मामा ओरडले.

कुणीच नाही.

"हरेश, बेल कशाला दिलीस रे?"

"मी नाय दिली, मामा. हात बघा माजे."

"मग काय आभाळातनं वाजली?"

"बॅग अडकली असंल कुनाची दोरीत."

दाराच्या खिडकीतून बाहेरचा रस्ता दिसत होता. कडेचं गवत, त्याच्यामागे भाताचं हिरवं शेत. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हरेशने कसाबसा ट्रे दुसऱ्या हातात घेऊन दोन बेल मारल्या.

आणि गाडी हलायच्या आत गर्दी घट्ट झाली.

हे मला नीट सांगायला हवं. भरलेल्या गाडीत आणखी एक माणूस चढलं की ते बघावं लागत नाही. दाराकडून एक दाब निघतो. पहिल्याचा खांदा दुसऱ्याच्या छातीत, दुसऱ्याचं कोपर तिसऱ्याच्या बरगडीत, असा तो माणसामाणसांतून ड्रायव्हरच्या पाठीपर्यंत जातो. तो दाब मला त्या दिवशी लागला. माझ्या पाठीला कुणाचं तरी दप्तर रुतलं. मागून कुणीतरी सवयीने म्हणालं, "पुढे सरका ना, पुढे जागा हाय."

मी मान जमेल तेवढी वळवली. पायरीवरची पोरं तीच होती, मघाची. नवीन कुणी चढलं नव्हतं.

३

मी दिवसभर सूक्ष्मदर्शकात बघणारी बाई. काचेवर जे दिसतं ते लिहायचं, दिसत नाही ते लिहायचं नाही, हे माझं काम. मी स्वतःला समजावलं, की गाडी थांबली की माणसं सैल होतात, पुन्हा निघताना दाटतात, त्यात नवल काय? दोरी जुनी, गाडी खड्ड्यात आदळली की आपोआप ताणली जात असेल. समीक्षा तिथे पडली म्हणून तिथली बेल आपल्या ध्यानात राहते, एवढंच.

पण दुसऱ्या दिवशी त्याच जागी बेल वाजली. तिसऱ्या दिवशीही. महादूमामा थांबायचे, शिव्या द्यायचे, पुढे निघायचे. प्रत्येक वेळी दाराकडून तो दाब यायचा. पोरांनी आधी मस्करी केली, मग मस्करी बंद झाली. वळण जवळ आलं की गाडीतलं बोलणं आपोआप कमी व्हायचं.

एका सकाळी हरेशने सगळ्यांदेखत दोरी सोडली, गुंडाळली आणि स्वतःच्या पिशवीत कोंबली.

"आता वाजवा कोन वाजवतो ते," तो म्हणाला. "आजपासनं तोंडानं सांगीन."

त्या दिवशी मी छताकडे बघत उभी होते. दोरी जायची त्या कड्या रिकाम्या होत्या. वळण आलं.

टिंग.

मामांनी गाडी थांबवली. आणि काय त्यांच्या मनात आलं कोण जाणे, इंजिनही बंद केलं.

एवढी माणसं त्या पत्र्याच्या डब्यात कोंबलेली, आणि आवाज नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही. तेव्हा आम्हाला ती धाप ऐकू आली. लांबून धावत येऊन, अगदी शेवटच्या क्षणी गाडी पकडलेल्या माणसाला लागते तशी. पायरीच्या बाजूने येत होती. जोरजोरात श्वास, मध्येच गिळलेली थुंकी, पुन्हा श्वास. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. धाप कुणाला लागली आहे ते आम्ही शोधत होतो. कुणालाच लागली नव्हती. सगळ्यांनी तर श्वास रोखून धरला होता.

"मामा, चालू करा गाडी," हरेश हळूच म्हणाला. "मामा, चालू करा."

गाडी सुरू झाली. दाराकडून दाब आला. आम्ही सरकलो.

आता तुम्ही विचाराल, एवढं झाल्यावर लोक त्या गाडीत बसायचे कसे? हाच प्रश्न मला चीड आणतो. दुसऱ्या दिवशी तेच सगळे नाक्यावर उभे होते. मीही होते. कॉलेज, दवाखाना, मुकादमाची हजेरी, यातलं काय थांबणार होतं? काहीही असो त्या गाडीत, शहापूरला जायला दुसरी गाडी नव्हती. आम्ही घाबरायचो आणि चढायचो.

४

नवरात्राच्या सुमाराला मैनाकाकीला निरोप आला. गाडीच्या ऑफिसाने चौकशी संपवली होती. मुलगी स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडली, पायरीवर उभं राहायला मनाई आहे, तशी पाटी गाडीत लावलेली आहे.

मैनाकाकी अंगणात वाल सोलत बसली होती. मी निरोप सांगितला तरी तिचे हात थांबले नाहीत.

"पाटी लावलीय?" तिने विचारलं.

"आहे, काकी. दाराच्या वर."

"ती वाचायला तरी आत जायला मिळालं असतं ना माज्या पोरीला." सोललेला दाणा तिने टोपलीत टाकला. "मी उद्या येतंय तुज्यासंगं. त्यांच्या ऑफिसात जायाचंय."

"काकी, तू नको येऊस. गर्दी झेपायची नाही तुला."

"तिला झेपत होती. मला काय धाड भरलीय?"

मला तिला वळणाबद्दल सांगायचं होतं. पण काय सांगणार होते? बेल वाजते, धाप ऐकू येते? जिची मुलगी गेली तिला हे सांगण्याइतकी माझी जीभ धीट नव्हती. मी फक्त म्हटलं, "माझा हात सोडू नकोस."

सकाळी कुणीतरी तिला ओळखून बसायला जागा देऊ केली. तिने घेतली नाही. गर्दीत माझ्या पुढ्यात, दाराकडे तोंड करून ती उभी राहिली. वळण जवळ आलं तसे सगळे तिच्यापासून नजर चुकवायला लागले, आणि ते तिच्या लक्षात आलं असावं.

बेल वाजली. गाडी थांबली. ती धाप ऐकू आली.

मैनाकाकीच्या तोंडातून बारीकसा आवाज निघाला. मग ती चांगली मोठ्याने, रागाने बोलली, शेतावर बायांना हाक मारावी तशी.

"सरका! थोडं आत सरका ना गो! पोर हाय पायरीवर, दिसत नाय तुमाला?"

आणि लोक सरकले. मीही सरकले. भरलेल्या गाडीत आम्ही पोटं आत ओढून, टाचा उचलून, एका माणसापुरती जागा केली. काकीने हात लांब करून दाराकडे धरला. तो हात माझ्या गालाला घासून पुढे गेला. दोन माणसांच्या मध्ये, कोपरापुढे मला तो दिसेना. पण त्याला झटका बसलेला मला जाणवला. मग तो हात ताठ झाला, काहीतरी जड ओढून धरावं तसा. शहापूर येईपर्यंत तिने तो मागे घेतला नाही. घामाने तिचा चेहरा निथळत होता.

स्टँडवर उतरल्यावर ती एका बाकड्यावर बसली. मनगटाभोवती लाल वळ उठले होते. खालच्या वळावर दुसरा, त्याच्यावर तिसरा, सगळे वेगवेगळ्या मापाचे. एक तर चांगला रुंद होता, बाप्याच्या पंजासारखा. मी रुमाल ओला करून त्यावर ठेवला.

"काकी, काय होतं?"

तिने समोरच्या गर्दीकडे बघितलं.

"एकटी नाय गो ती," ती म्हणाली. "लय जनं हायेत."

५

ऑफिसात साहेब आम्हाला भेटले नाहीत. पुढच्या खेपेला भेटले आणि म्हणाले, तुमच्या लाईनीला दुसरी गाडी परवडत नाही. मी विचारलं, वर्षानुवर्षं या लाईनीवर माणसं पडताहेत, ती परवडतात का? त्यावर त्यांनी शिपायाला पंखा वाढवायला सांगितला.

मग आम्ही गाडी अडवली. पुढारी कुणी नव्हता. किन्हवलीच्या नाक्यावर गाडी आली, आणि मैनाकाकी तिच्यासमोर रस्त्यात जाऊन बसली. तिच्या शेजारी मी बसले. मग भाजीवाल्या बाया, मग कॉलेजची पोरं. महादूमामांनी इंजिन बंद केलं आणि तेही खाली उतरून सावलीला उभे राहिले. हरेश पोरांत येऊन बसला.

साहेब जीपमधून आले. इस्त्रीचा सफारी, खिशाला पेन. वैतागले होते.

"हे काय चालवलंय तुम्ही? गाडी बंद पडली तर नुकसान तुमचंच आहे."

"अजून कसलं नुकसान व्हायचं राह्यलंय, साहेब?" मैनाकाकी बसल्या जागेवरून म्हणाली.

"बाई, मला सहानुभूती आहे. पण तुम्ही लोक दारात लटकता. आत जागा असते, पुढे सरकत नाही. मी तीस वर्षं बघतोय."

"कुठून बघताय?" मी विचारलं. "जीपमधून?"

पोरं हसली. साहेबांचा चेहरा लाल झाला.

"चला मग," ते म्हणाले. "मी येतो तुमच्या गाडीतून. आत जागा कशी होते ते दाखवतो. आणि मी उभा राहीन, बसणार नाही."

आम्ही सगळे गाडीत चढलो. साहेबांनी स्वतः माणसं आत सरकवली. खरंच, थोडी जागा झाली. पायरी मोकळी झाली. ते दारापाशी, पायरीच्या वर उभे राहिले आणि म्हणाले, "बघितलंत? शिस्त लागते फक्त."

सापगाव जवळ येत चाललं तशी गाडी गप्प होत गेली. साहेबांनी एकदा सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. "काय झालं?" त्यांनी विचारलं. हरेशने मान खाली घातली.

टिंग.

गाडी थांबली.

साहेब दाराकडे वळले. रस्ता रिकामा होता. मला तो त्यांच्या खांद्यावरून स्वच्छ दिसत होता.

"नाही, नाही," साहेब म्हणाले. "जागा नाही. मागची गाडी घ्या."

ते कुणाशी बोलताहेत हे विचारायची हिंमत कुणाला झाली नाही.

"अहो ऐका, जागा नाही म्हणतो ना! चढू नका. एकदम एवढे... एवढे कुठून आले हे?"

ते मागे सरकले. माझ्या पायावर त्यांचा बूट पडला. दाब आला, आणि आजवर आला त्याच्या कितीतरी पट मोठा आला. एक लाट, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे आणखी. पुढच्या सीटवरची बाई किंचाळली. साहेबांचं अंग माझ्यावर रेललं आणि त्यांच्या काखेखालून मला दाराचा उभा दांडा दिसला.

त्या दांड्यावर हात होते. वरपासून खालपर्यंत, मुठीवर मूठ, लोखंड दिसेना एवढे. धुळीने माखलेले, खरचटलेले. एका मनगटात हिरवा काचेचा चुडा होता आणि अर्ध्या बांगड्या फुटलेल्या होत्या. एक हात लहान मुलाचा होता. बोटं पांढरी पडली होती, इतकी घट्ट धरलेली. मी एवढंच बघितलं. हातांच्या मागे काय होतं ते बघायच्या आत मी डोळे मिटले. ते मिटले याचं मला आजही बरं वाटतं.

गाडी कुणी सुरू केली, शहापूरला कशी पोचली, मला आठवत नाही. साहेब उतरले तेव्हा त्यांच्या सफारीची एक बाही खांद्यापासून उसवलेली होती. मैनाकाकी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"बघितलंत?" तिने विचारलं.

साहेबांनी हात जोडले. ते नमस्कारासाठी होते की तिने बोलू नये म्हणून, ते मला कळलं नाही.

६

दिवाळीच्या आत दुसरी गाडी सुरू झाली. पहिलीच्या पाठोपाठ, त्याच वेळेला. ती आली त्या दिवशी नाक्यावर नारळ फुटला. कुणीतरी झेंडूचं तोरण लावलं. गाडी नवी होती, लाल रंगाचा वास येत होता, दाराला चांगली पितळी कडी होती. पोरं ओरडली, "ए, दुसरी आली रे!" आम्ही भांडून मिळवलेली होती ती. मी रडायच्या बेतात होते.

पहिली गाडी नेहमीसारखी भरून गेली. सवयीने लोक तिच्यातच घुसले. मी मुद्दाम मागे राहिले. एवढ्या वर्षांत मला एकदा खिडकीशी बसून शहापूरला जायचं होतं. मैनाकाकीही माझ्यासोबत होती. ती कशाला आली होती ते मी विचारलं नाही.

खिडक्यांतून आतल्या सगळ्या सीटा दिसत होत्या. हिरव्या, कोऱ्या, रिकाम्या. कंडक्टर नवीन होता, लांबून कुठून तरी बदलून आलेला. तो आत, दाराजवळच्या सीटला पाठ अगदी चिकटवून उभा होता.

"या ताई, या," तो म्हणाला. "अख्खी गाडी तुमचीच."

पण तो तिथून हलला नाही. सकाळच्या गारव्यात त्याच्या कपाळावर घाम होता, आणि पोट त्याने आत ओढून धरलं होतं. आपण असे का उभे आहोत हे त्याचं त्यालाच माहीत नसावं.

मैनाकाकी आधी चढली. रिकाम्या गाडीत ती आडवी होऊन, खांदा पुढे काढून, पदर सावरत सरकत गेली. "जाऊ दे गो... वाईच सरक बाबा..." असं पुटपुटत. मधल्या एका सीटपाशी ती थांबली, कडेला अर्धवट बसली, आणि खिडकीकडच्या मोकळ्या जागेकडे तोंड करून काहीतरी हळू आवाजात बोलायला लागली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. ते हसू मी समीक्षा असताना बघितलं होतं.

मी पायरीवर पाय ठेवला. आत झुकले, आणि माझी छाती कशावर तरी आदळली. मऊ होतं, उबदार होतं. कुणाची तरी पाठ. एक कोपर माझ्या बरगडीत बसलं. माझ्या डोळ्यांसमोर रिकामी गाडी होती, सीटांवर सकाळचं ऊन पडलेलं होतं, आणि मला एक पाऊल आत टाकता येत नव्हतं. मी जोर लावला. कुणी मुद्दाम अडवत नव्हतं. नुसतीच जागा नव्हती.

घामाचा वास आला, आणि रस्त्यावरच्या तापलेल्या डांबराचा. माझ्या कानाशी खूप जण श्वास घेत होते. धाप आता कुणाला लागलेली नव्हती. बसायला मिळालेली माणसं घेतात तसे शांत, लांब श्वास.

मी उतरायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात राग चढला होता. ही गाडी आमची होती. तिच्यासाठी मी रस्त्यात बसले होते.

"चला," मी कंडक्टरला म्हटलं, आणि दांडा धरून पायरीवरच उभी राहिले.

दोन बेल वाजल्या. रिकाम्या गाडीच्या पायरीवर लटकून मी निघाले. शेतातली माणसं मान वर करून बघत होती. एवढी मोकळी गाडी, आणि ही बाई दारात का लटकली आहे! सापगावच्या अलीकडे गाडी उजवीकडे वळली. आतला सगळा भार एकदम माझ्यावर आला. माझा पाय सुटला. हातातला दांडा घामाने निसटला. खाली रस्ता पळताना दिसला, इतका जवळ की त्यातली खडी वेगळी दिसत होती.

आतून माझं मनगट धरलं गेलं. मग दंड, मग खांदा, मग वेणी. कितीतरी हातांनी. ते खरखरीत होते आणि थंड होते, आणि त्यांनी मला इतकं घट्ट धरलं की माझ्या तोंडून ओरड निघाली. वळण संपेपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही. त्यांना कुणी धरलं नव्हतं. मला त्यांनी धरलं.

७

शहापूरला उतरल्यावर मी लॅबमध्ये गेले नाही. तशीच ऑफिसात गेले. शिपाई अडवत होता, त्याला बाजूला सारलं. केस सुटलेले, दंडावर वळ, एक चप्पल कुठे पडली होती पत्ता नव्हता.

साहेब टेबलाशी बसले होते. त्या दिवसापासून वाळले होते. मला बघून उठले नाहीत, रागावलेही नाहीत.

"तिसरी गाडी द्या," मी म्हटलं.

मला वाटलं होतं ते विचारतील, कशाला? वेड लागलंय का? आजच तर दुसरी दिली. मी भांडायची तयारी करून आले होते.

साहेबांनी चष्मा काढला. डोळे चोळले.

"भरली?" त्यांनी विचारलं.

"भरली."

"सगळी?"

"पायरीपर्यंत. आणि आम्ही कुठे बसायचं, साहेब? जे अजून पडले नाहीत त्यांनी?"

ते उठून खिडकीशी गेले. मीही गेले. खाली आवारात ती नवी गाडी उभी होती, झेंडूचं तोरण अजून काचेवर होतं. प्रवासी नव्हते. ड्रायव्हर, कंडक्टर लांब टपरीवर चहा पीत उभे होते, आणि गाडीकडे बघायचं टाळत होते. मैनाकाकी मात्र कुठे दिसत नव्हती; ती गाडीतून उतरलेली मी पाहिलीच नव्हती.

गाडी दाराच्या अंगाला कलली होती. डाव्या बाजूचे टायर जमिनीला टेकून चपटे झाले होते, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबून वाकले होते. आम्ही बघत असताना ती कण्हल्यासारखी करकरली आणि आणखी थोडी खाली बसली.